नेसरीचं घनसाळ, नेपाळचं ‘कोल्हापुरे’

शकू, परवा तुझं दिवसकार्य आटपून नेसरीहून घरी आले आणि पहिली कुठली गोष्ट केली असेल तर तुझ्यावर चिडले. चांगली मोठ्यानं चिडले. खालच्या क्लिनिकमधली मुलगी वर येऊन विचारून गेली, "मॅडम, कोण आलंय का?" कोण येणार? भांडण अर्ध्यात टाकून उठून जायची ही काय रीत झाली? आणि तेही मी जिंकत असताना! तू म्हणशील, "कोण जिकत हुतं गं इमल?" म्हण. निदान म्हणायला तरी ये.

लोक तुझ्याबद्दल बोलले त्या दिवशी. शेतकरीण, बियाणं जपणारी, बायकांचा गट बांधणारी वगैरे. सगळं खरं. पण तू कशी होतीस ते कुणालाच सांगता आलं नाही. मग मला बोलायला सांगितलं. चाळीस मुलांच्या वर्गात आयुष्यभर ओरडून बोललेली बाई मी, माईक हातात धरून नुसती उभी राहिले. संदीपनं, तुझ्या पोरानं, हळूच माईक काढून घेतला. म्हणून जे राहिलं ते आता इथं सांगते.

आपण हॉस्टेलच्या एका खोलीत पडलो त्या दिवसापासूनच तू मला छळायला सुरुवात केलीस. मी जैनाघरची, सूर्य मावळायच्या आत जेवणारी, कांदा-बटाटा न खाणारी. तू म्हणालीस, "म्हंजे तू खातीस तरी काय? वारा?" आणि त्याच दिवसापासून मेसच्या मावशींशी भांडून माझं ताट उजेड असतानाच काढून ठेवायला लावलंस. बॉटनीच्या प्रॅक्टिकलला तुझी चित्रं माझ्यापेक्षा सरस असायची, हे मी तेव्हा कबूल केलं नव्हतं, आजही करणार नाही. तू बीएस्सी झालीस, लग्न करून नेसरीला गेलीस, मी कॉलेजात चिकटले. मी लग्न केलं नाही. तुझे मालक लवकर गेले. मग पुन्हा आपण एकमेकींना धरलं ते धरलंच.

तुमच्या घरचं घनसाळ मी पहिल्यांदा खाल्लं ते तुझ्या सासूबाईंच्या हातचं. भात चुलीवर होता आणि वास रस्त्यापर्यंत आला होता. घनसाळ तसं आजरा-चंदगडाकडं पुष्कळ लोक लावतात, पण तुमचं वेगळं. दाणा आखूड, लोंबीला जरा तांबूस झाक, आणि पाऊस लांबला तरी मान न टाकणारं. सासूबाई गेल्यावर तू ते हट्टानं पुढं चालवलंस. सगळीकडं ऊस, मधे तुझं ते एवढंसं भाताचं रान. मुनियांचे थवे तिथंच उतरायचे आणि तू त्यांना शिव्या देत देत त्यांच्यासाठी एक कोपरा सोडायचीस.

काठमांडूला तुला मी नेलं. शेजारी देशांतल्या देशी बियाणं राखणाऱ्या लोकांची बैठक होती. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, आपण. विमानात तू खिडकीशी बसून पूर्ण वेळ डोळे मिटून घेतलेस आणि उतरल्यावर सांगितलंस, "झ्याक दिसत हुतं." तिथं जेवण रात्री आठला. माझे हाल होणार म्हणून तू पाच वाजताच भटारखान्यात घुसलीस. तिथं एक ठेंगणी बाई आपल्याबरोबर आणलेला तांदूळ स्वतःच शिजवत बसली होती, बाहेरचं तिला चालत नव्हतं. ती दिलमाया. झाकण उघडलं तशी तू दारातच थबकलीस. "इमल, ह्यो वास वळीकतीस का? आमच्या घनसाळाचा सख्खा भाऊ हाय ह्यो!"

त्या दोन दिवसांत बैठकीत काय झालं ते मी ऐकलं. तू आणि दिलमायानं काय ऐकलं ते देवालाच ठाऊक. तुझं हिंदी म्हणजे मराठीला ‘है’ लावलेलं, तिचं हिंदी म्हणजे नेपाळी हळू बोललेलं. तरी तुमचं सगळं जमलं. कुणाच्या भाताचा वास जास्त यावरून कडाक्याचं भांडणही जमलं. व्यासपीठावरून एक साहेब सांगत होते, हवा बदलतेय, डोंगरातलं भात डोंगरात टिकेना, खालचं वर चढवावं लागणार, म्हणून शेजाऱ्यांनी एकमेकांचं वाण एकमेकांकडं राखायला हवं. तू मला कोपरानं ढोसलंस. "ह्येवढंच सांगायचं हुतं तर येवढा येळ कशाला घ्यायला पायजे? उद्याच देऊन टाकतो की मी." तुझ्या त्या ‘देऊन टाकतो’नं पुढं मला किती घाम फोडला, शकू!

पुढल्या वर्षी ती मंडळी कोल्हापूरला आली. उतरली राजारामपुरीत, माझ्या घराजवळच्या लॉजवर. दिलमाया, बांगलादेशच्या नसीमाआपा, आणि श्रीलंकेची एक तरुण बाई. तुझ्या रानात सगळ्या चिखलात उतरल्या. नसीमाआपा बांधावर बसून बेडकांचे आवाज ओळखत होत्या आणि सांगत होत्या, आमच्याकडं फवारणीनं हे आवाज बंद झालेत. तू त्यांना म्हणालीस, "मग ऱ्हावा इथंच." त्या इतक्या हसल्या की पाय घसरून पडता पडता राहिल्या.

निघायची वेळ झाली आणि तू ओटी भरायला काढलीस. तुझी जाऊ कानात कुजबुजली की विधवा बाईनं ओटी भरायची नसते. तू ते सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं सांगितलंस आणि विचारलंस, "माझ्या रानातनं पावण्या रिकाम्या जाणार व्हय?" नसीमाआपाही विधवाच होत्या. तू त्यांच्यापासूनच सुरुवात केलीस. खण, नारळ, आणि तांदळाऐवजी भात. सालासकट, बियाणाचं. मी म्हटलं, अगं ओटीत तांदूळ घालतात. तर म्हणे, "तांदूळ शिजला की संपला. भात पेरलं की ऱ्हातंय." दिलमायाला काय मिळतंय ते बरोबर कळलं. तिनं पदर दोन्ही हातांनी धरला होता.

मग तू माझ्याकडं वळलीस. माझी तोवर कुणी कधी ओटी भरली नव्हती, शकू. बिनलग्नाच्या बाईची कोण भरतं? लग्नाकार्यात ती वेळ आली की मी पाणी प्यायला म्हणून उठून आत जायची, इतकी वर्षं. तू नुसतं "पदर पसर" म्हणालीस आणि ओंजळी ओतल्यास. मी तुला साधं थँक्यूही म्हटलं नाही. आज म्हणते.

आता पुढचं. ते तुला आवडणार नाही, माहीत आहे. दुसऱ्या दिवशी त्या सगळ्यांना विमान होतं. आदल्या संध्याकाळी उजेडातच माझ्याकडं जेवायला बोलावलं, आणि जेवण झाल्यावर मी मधे परात ठेवली. त्यांना सांगितलं की हे बियाणं असं नेता येणार नाही. तपासणी नाही, परवानगी नाही. सालाच्या आत करपा लपून जातो, कीड जाते. ज्या डोंगरात आजवर रोग नाही तिथं आपल्या प्रेमानं रोग पोचवायचा का? त्यांना पटलं. सगळ्या जाणत्या होत्या. नसीमाआपांनी ओढणीची गाठ सोडली. दिलमायाला वेळ लागला. कुणालाच हात पुढं करवेना, म्हणून सगळ्यांत आधी मी माझी ओटी परातीत ओतली होती. माझं भात कुठली सरहद्द ओलांडणार होतं? राजारामपुरीतून कुठं जाणार होतं ते? पण त्यांना एकट्यानं करायला लावणं मला जमलं नाही. हे तुला मी कधीच सांगितलं नाही, कारण तू सांगायची उसंतच दिली नाहीस.

मी ती परात दुसऱ्या दिवशी तुला परत द्यायला आले. तू अंगणात होतीस. परातीकडं बघितलंस, माझ्याकडं बघितलंस. "भरलेली वटी कुणी रिकामी करतं व्हय गं?" एवढंच. तू ओरडली असतीस तर मी पण ओरडले असते. तू ओरडलीच नाहीस. मी गाजरगवताचं सांगायला लागले, की ते असंच परदेशी धान्यातून आलं आणि आता बांधाबांधावर आहे. तू म्हणालीस, "माझं भात गाजरगवत हाय व्हय?" आणि आत गेलीस. चहासुद्धा विचारला नाहीस. नेसरीत तुझ्या दारात येऊन चहा न पिता परत गेलेली मी एकटीच असेन.

किती महिने बोलली नाहीस. मीही कमी नाही, मीही फोन केला नाही. कॉलेजातून घरी आले की उगाच वाटायचं, शिडशिडीत एक बाई जिन्यात पिशवी टेकवून बसलेली असेल. आणि खरंच एक दिवस होतीस. पिशवीत पोहे, लोणचं, आणि तोंडात एकच वाक्य, "चल, कुठला कागद भरायचा त्यो दाव." मी विचारलं, राग गेला? तर म्हणे, "राग हाय तसाच हाय. पर पोरगं उसाचं बोलाय लागलंय. माझ्या मागं ह्ये कोण लावतंय? दिलमाया लावंल." तेव्हा मला कळलं की तुला नुसती देण्याची हौस नव्हती. तुझं भात कुठंतरी जिवंत राहावं, एवढंच तुला हवं होतं. दोन ठिकाणी असलं तर एका ठिकाणी मेलं तरी चालतं, हे त्या साहेबांचं म्हणणं तू व्यासपीठापेक्षा नीट समजून घेतलं होतंस.

मग ती कागदांची वर्षं. हे कार्यालय ते कार्यालय, इकडचं खातं तिकडचं खातं. मी इंग्रजीत नम्रपणे लिहायची आणि तू मधेच फोन ओढून घ्यायचीस. दिल्लीच्या त्या अधिकाऱ्याला तू "पावणं, जेवलाय का?" असं विचारलंस, ते बिचारे दर वेळी हो म्हणायचे, मग तू म्हणायचीस, "बरं झालं. आता माझ्या भाताचं काय झालं सांगा." शेवटी शेवटी ते तुझा आवाज ऐकला की आपणहूनच सांगायचे, जेवलो. मंजुरी आली ती त्यांच्यामुळंच की काय कोण जाणे. दोन्ही देशांत तसा करार झाला आणि तुझं घनसाळ तपासून, शिक्का मारून, रीतसर नेपाळला गेलं. मी म्हटलं, थोडं इथल्या बीजपेढीतही ठेवूया. तू हसलीस. "हितं कशाला? रानात हायच की."

रानात हायच की! शकू, या तुझ्या एका वाक्यावर मी अजून किती दिवस जळणार आहे, सांग.

कारण त्याच वर्षी तू आजारी पडलीस. संदीपची नोकरी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, पाळ्या बदलत्या, भाताच्या लावणीला माणूस मिळेना. त्यानं रानात ऊस लावला. तुला दवाखान्यात सांगितलं नाही, पण तुला कळलं होतं. तू त्याला रागावली नाहीस. मला म्हणालीस, "त्याचं बी बरोबरच हाय. त्यानं कवा झोपायचं आणि कवा चिखल करायचा?" कणगीत थोडं बियाणं होतं. एक पावसाळा तसाच गेला, दुसरा गेला. गेल्या जूनमध्ये तुझ्या सुनेनं ते ओल्या फडक्यात बांधून बघितलं. मी रोज फोन करून विचारायची. एकही मोड आला नाही. तुला आम्ही खोटं सांगितलं, की आलेत म्हणून. तू "बरं" म्हणालीस आणि भिंतीकडं तोंड केलंस. तुला खोटं ओळखता येत होतं, मला माहीत आहे.

त्यातल्या त्यात एक बरी गोष्ट तुझ्या कानावर घालता आली. दिलमायानं व्हिडिओ पाठवला होता. डोंगराच्या पायऱ्या-पायऱ्यांची शेतं, आणि एका पायरीवर तुझं घनसाळ, तांबूस झाकेसकट, वाऱ्यावर हलणारं. तिनं सांगितलं, गावातले लोक याला ‘कोल्हापुरे’ म्हणतात. शेजारणी मागायला येतात, आम्हालाही कोल्हापुरे दे म्हणून. मला वाटलं तुझ्या डोळ्यांत पाणी येईल. तू त्या अवस्थेत उशीवरून मान उचललीस. "कोल्हापूरचा काय संबंध? नेसरी म्हणा म्हणावं!" नर्ससुद्धा हसली. मी तसं दिलमायाला कळवलंही. ती म्हणाली, आता उशीर झाला दिदी, लोकांच्या तोंडात बसलं.

तू गेलीस तेव्हा तिकडं कापणी उरकली होती. इकडं तुझ्या रानातला ऊस तुटून गेला आणि जमीन मोकळी पडली. दिवसकार्याचं जेवण झाल्यावर संदीप माझ्याजवळ येऊन बसला. लहानपणापासून तुझ्यासारखाच, मनातलं बोलायचं असलं की आधी नखानं जमीन उकरणार. म्हणाला, "मावशी, विहिरीजवळचा एक वाफा ठेवलाय मी. तितं ऊस न्हाय लावणार. त्या नेपाळच्या मावशीस्नी सांगा, मूठभर परत द्या म्हणावं. ह्या जूनला टाकतो."

मी त्याला समजावलं. की ते आता असं येत नाही, आपल्याला अर्ज करावा लागेल, तिकडची तपासणी, इकडची तपासणी, जूनपर्यंत होईल याची खात्री नाही, पुढच्या जूनचीही नाही. त्याचा चेहरा बघायला हवा होतास. "आमचंच भात आमच्या घरात आणाय परवानगी? आईनं फुकट दिल्यालं! मावशी, ह्ये कसलं हो तुमचं शानपण?" सगळे आमच्याकडं बघायला लागले. मी त्याला तेच सांगितलं जे तुला इतकी वर्षं सांगत आले. की तिकडचा एखादा रोग त्या मुठीतून आला तर तुझा एक वाफा नाही, आजऱ्यापर्यंतची सगळी भातं जातील. तो ऐकून घेत होता, पण पटत नव्हतं. तरी शेवटी म्हणाला, "कुठं सही करू?" कोऱ्या कागदावर सही करून उठला आणि ताटं उचलायला गेला.

आणि काल दिलमायाचा फोन आला. ती पुढच्या महिन्यात दिल्लीला येतेय, शेजाऱ्यांची तीच बैठक. तिथून ती इकडं येणार, तुझ्या घरी, तुझ्या पोराला भेटायला. आधी बराच वेळ रडली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "दिदी, कपड्यांच्या आत ओंजळभर घालून आणते. कोण बघणार आहे? स्वच्छ, निवडलेलं आहे. जूनला पेरता येईल तुमच्या पोराला."

शकू, जून! विहिरीजवळचा तो वाफा मला डोळ्यांसमोर दिसला. ओंजळभर भात, बस्स. मी हो म्हटलं असतं तर कुणाला काय कळणार होतं? खालून रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते आणि दिलमाया तिकडून दिदी, दिदी करत होती.

मी म्हटलं, नको. काही आणू नकोस. रिकाम्या हातानं ये. अर्ज केलाय, येईल तेव्हा येईल.

ती मग "हुन्छ, दिदी" म्हणाली. बरं, म्हणून. फोन ठेवला.

माझंच बरोबर होतं, शकू. आजही माझंच बरोबर आहे, आणि तू समोर असतीस तर पुन्हा हेच सांगितलं असतं. पण इतकी वर्षं तुझ्याशी भांडताना मला कधी रडू आलं नव्हतं. काल आलं, आणि ते तुझ्या बाजूनं आलं.